टोकियोत ताईला ओवाळलं

ताईचा वाढदिवस नोव्हेंबरात येतो, दिवाळी होऊन गेल्यावर, आणि आमच्या घरात तो कधीच धड साजरा झाला नाही. फराळ तिनं करायचा, भाऊबीजेला मला आणि चारही चुलतभावांना ओवाळायचं, पाहुण्यांची उस्तवार करायची, आणि मग तिचा दिवस येईपर्यंत सगळं घर दमलेलं, डब्यात चिवड्याचा चुरा उरलेला, आई म्हणायची संध्याकाळी शिरा करू, झाला वाढदिवस. माझे मात्र सगळे वाढदिवस तिनं केलेत. ती माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठी, आई शाळेत शिक्षिका, त्यामुळे मला आंघोळ घालण्यापासून पाढे पाठ करून घेण्यापर्यंत सगळं ताईनं केलंय. पाटाभोवती रांगोळी, तबकात निरांजन, आणि ओवाळणारा हात कायम तिचा. तिला स्वतःला कुणी ओवाळलंय असं मला आठवतच नाही ओ.

म्हणून या वेळी टोकियोला जायचं ठरलं, तारखा बघताना तिचा वाढदिवस मधे येतोय हे दिसलं तेव्हा मी मनात पक्कं केलं, की ताईला यंदा मी ओवाळणार, स्वतः, आणि परदेशात आहोत म्हणून त्यात काही कमी करणार नाही. ती आयुष्यात पहिल्यांदा देशाबाहेर निघालेली. सोलापुरात घरी पेटीचे क्लास घेते, वीसेक वर्षं झाली असतील, आमच्या गल्लीतल्या निम्म्या पोरांना सा रे ग म तिनंच शिकवलंय, आणि स्वतः मुंबईपलीकडं फारशी गेलेली नाही.

आईला तेवढं सांगून ठेवलं होतं. तिनं ताईच्या नकळत माझ्या बॅगेत एक जुना स्टीलचा डबा भरून दिला, त्यात छोटं पितळी निरांजन, तुपात भिजवलेल्या फुलवाती वेगळ्या डबीत, कुंकवाचा करंडा, अक्षता, सुपारी, आणि स्वतःच्या बोटातली अंगठी चिंध्यात गुंडाळून. वर शेंगापोळ्या, शेंगा चटणी आणि कडक भाकरी, म्हणजे आपलं नेहमीचं. हे सगळं टिकणारं असतं म्हणून सोलापूरकराला प्रवासाची चिंता नसते. जपानात मांसाचे पदार्थ, ताजी फळं, भाज्या सहजासहजी नेता येत नाहीत, त्यामुळे ते काही घेतलं नाही. मग रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं मुंबई, तिथनं दिल्ली, दिल्लीहून टोकियो.

आता खरी मेहनत सुरू झाली ती केकची. ताई अंडं खात नाही. जपानात कुठल्याही दुकानात गेलात तर स्ट्रॉबेरी आणि क्रीमचे इतके देखणे केक काचेत मांडलेले असतात की बघत राहावं, पण सगळ्यात अंडं. माझा कॉलेजातला मित्र तिथं बरीच वर्षं नोकरीला आहे, टोकियोतल्याच निशी-कासाई भागात राहतो, त्याच्या बायकोनं, म्हणजे वहिनींनी, वाट दाखवली. तिकडं पाकिटावर अॅलर्जीचे पदार्थ छापणं कायद्यानं बंधनकारक आहे, अंडं, दूध, गहू, कोळंबी, खेकडा, शेंगदाणे वगैरे, आणि अॅलर्जी असलेल्या मुलांसाठी अंडं, दूध, गहू तिन्ही न घातलेले केकसुद्धा मिळतात. हे केक गोठवलेले येतात, फ्रीजमध्ये काही तास हळूहळू सुटू द्यावे लागतात, म्हणजे ऐनवेळी जाऊन भागत नाही, आधी सांगावं लागतं आणि आदल्या दिवशी आणून ठेवावा लागतो. शुद्ध शाकाहारी घरातलं कुणी तिकडं जाणार असेल तर हे नीट लक्षात ठेवा, बाकी हिंडून पाय मोडतील पण बिनअंड्याचा केक सहज नजरेला पडणार नाही.

आदल्या संध्याकाळी ताईला म्हटलं तू हॉटेलवर जरा पड, मी मित्राला भेटून येतो, आणि मी आणि मित्र केक आणायला गेलो. त्या दुकानातल्या बाईंनी जे केलं ते मला फार भारी वाटलं. आधी मेणबत्त्या विचारल्या. तिकडं मोठी मेणबत्ती म्हणजे दहा वर्षं आणि छोटी म्हणजे एक, ताईला 44 पूर्ण होणार होती, म्हणून चार मोठ्या आणि चार छोट्या त्यांनी मोजून कागदाच्या पुडीत घातल्या. मग नाव विचारलं, चॉकलेटच्या छोट्या पाटीवर त्यांच्या लिपीत वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि ताईचं नाव असं त्यांनी स्वतः लिहिलं, हात जराही न हलता, आणि मित्राला दोनदा वाचून दाखवून उच्चार बरोबर आहे ना विचारून घेतलं. शेवटी विचारलं, घरी पोचायला किती वेळ लागेल? त्या हिशोबानं बर्फाच्या थंड पिशव्या डब्याच्या आतल्या भिंतीला चिकटवून दिल्या. गिऱ्हाइकाच्या वाटेचा विचार करून डबा बांधणारं दुकान मी पहिल्यांदा बघितलं. केक वहिनींच्या फ्रीजमध्ये गेला.

केकचं जमलं तरी निरांजनाचा प्रश्न होताच. माझ्या डोक्यात होतं की हॉटेलच्या खोलीतच सकाळी ओवाळावं. रिसेप्शनवर जाऊन मोबाईलवर भाषांतर करून विचारलं, एक छोटा तुपाचा दिवा, दोन मिनिटं, चालेल का. त्यांनी फार नम्रपणे सांगितलं की खोलीत आग चालत नाही, मेणबत्तीसुद्धा नाही. बरोबरच आहे, खोलीभर धुराचे सेन्सर असतात. मग शंभर येनच्या दुकानात बॅटरीवरचे दिवे मिळतात ते बघितले, हातात घेतले, आणि ठेवून दिले. ओवाळताना ज्योत पाहिजे, तिची ऊब चेहऱ्याला लागली पाहिजे असं मला मनापासून वाटतं, त्याशिवाय ते औक्षण नाही. मित्राला फोन केला तर तो म्हणाला, अरे घर कशाला आहे माझं, संध्याकाळी दोघं इकडंच या की. झालं, प्रश्न मिटला.

टोकियोची वेळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढं. त्यामुळे तिथं रात्री बारा वाजता सोलापुरात साडेआठ, आई-बाबांची जेवणं चाललेली. बरोबर बाराला व्हिडिओ कॉल लावला. बाबा ताटावरूनच म्हणाले, अजून इकडं तुझा वाढदिवस लागला नाही बघ, तुला साडेतीन तास जास्तीचे मिळाले. हिशोब केला तर खरंच, तिकडच्या बारापासून आपल्याकडच्या दुसऱ्या दिवशीच्या बारापर्यंत साडेसत्तावीस तासांचा वाढदिवस. भिंती पातळ म्हणून हळू आवाजात बोलत होतो, पण ताई बराच वेळ फोन ठेवायलाच तयार नव्हती.

सकाळी मी विचारलं, आज कुठं जायचं तू सांग. सोलापुरात तिचा वाढदिवस म्हणजे आधी सिद्धेश्वराचं दर्शन, तळ्यातल्या देवळात, मग बाकीचं. ती म्हणाली इथं आता सिद्धरामेश्वर कुठनं आणणार. मी म्हटलं चल, आणि तिला उएनोला घेऊन गेलो. उएनो पार्कला लागून शिनोबाझू नावाचं मोठं तळं आहे, त्याच्या मधोमध बेटावर देऊळ आहे, बेंतेन-दो. दोन्ही बाजूला पाणी आणि मधून देवळाकडं जाणारी वाट. ताई वाटेच्या तोंडाशीच थांबली आणि म्हणाली, अरे हे तर आपलंच की रे.

आणि आतली देवी कोण, तर बेंझाइतेन, म्हणजे आपली सरस्वती. बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे ती जपानात गेली आणि तिथं विद्येची, संगीताची, पाण्याची देवी म्हणून बसली. हातात बहुतेक वेळा वीणेऐवजी बिवा नावाचं तंतुवाद्य, त्याचं दगडी शिल्प देवळाबाहेर आहे. हे देऊळ सतराव्या शतकातलं, तेनकाई नावाच्या भिक्षूनं वसवलेलं, महायुद्धात 1945 साली जळालं आणि 1958 साली पुन्हा उभं राहिलं. पेटी शिकवणाऱ्या बाईला वाढदिवसाला परदेशात सरस्वती भेटावी, तीसुद्धा तळ्यातल्या देवळात, यापेक्षा वेगळं काय पाहिजे होतं. नोव्हेंबर असल्यामुळे कमळं वाळून नुसते देठ उभे होते, बाजूची झाडं मात्र पिवळीधमक झालेली. ताईनं बाहेरच्या हौदावर पळीनं आधी डावा मग उजवा हात धुतला, तिथल्या बायका कशा करतात ते बघून, उदबत्ती लावली, नाणं टाकलं आणि हात जोडून किती वेळ उभी होती. पुटपुटत काय होती ते मला माहीत आहे, सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांच्या काठ्या निघताना आपण जो सिद्धेश्वराचा जयजयकार करतो तोच.

दुपारी टोकियो स्टेशनात जेवलो. तिकडं शाकाहारी खाणं अवघड पडतं कारण भाज्यांच्या सुपातसुद्धा माशाचं पाणी असतं, पण स्टेशनच्या आतच टीज तानतान नावाचं पूर्ण व्हीगन रामेनचं, म्हणजे रश्शातल्या नूडल्सचं, दुकान आहे, मांस, अंडं, मासा काहीच नाही. तिळाचा दाट रस्सा. ताईनं वाटी उचलून शेवटचा थेंब संपवला. सोलापूरच्या माणसाला तीळ-शेंगदाण्याचं दाटपण कुठंही ओळखू येतं.

तिथनं शिंजुकूला, महानगर सरकारच्या इमारतीत. ही टोकियोची मंत्रालयासारखी इमारत, आणि तिच्या 45 व्या मजल्यावरून, 202 मीटर उंचीवरून सगळं शहर बघता येतं, ते पण फुकट, खाली बॅगा तपासतात तेवढंच. लोक मोठ्या पैशांची तिकिटं काढून दुसऱ्या टॉवरवर जातात, आम्ही इकडं आलो त्याचं कारण वेगळं होतं. तिथल्या दक्षिणेकडच्या दालनात 2019 पासून एक पियानो ठेवलाय, पिवळाधमक, त्यावर काळे ठिपके, यायोई कुसामा या प्रसिद्ध चित्रकर्तीच्या देखरेखीखाली सजवलेला. कुणीही वाजवू शकतं, ठराविक वेळात, प्रत्येकाला पाच मिनिटं.

ताईला काहीच सांगितलं नव्हतं. लिफ्टमधून बाहेर आल्यावर आधी ती खिडकीकडं धावली, घरांचा तो न संपणारा पसारा बघून गप्प झाली, आणि मग मागनं पियानोचा आवाज आला. म्हटलं, रांगेत उभी राहा. नको नको म्हणत होती, मी कुठं पियानो वाजवलाय, पेटी ती पेटी. मी म्हटलं पट्ट्या त्याच आहेत, काळ्या-पांढऱ्या, फक्त भाता नाही.

बसली. पर्स मांडीवर, पदर खोचलेला. डाव्या हाताला भाता मारायची इतक्या वर्षांची सवय, तो हात काही क्षण हवेतच राहिला, मग तिनं तो अलगद मांडीवर ठेवला आणि एका उजव्या हातानं सुरुवात केली. भूप. तिच्या क्लासात नवीन आलेल्या प्रत्येक पोराला ती पहिला राग भूपच शिकवते. सा रे ग प ध, मध्यम आणि निषाद नाहीत. आणि जपानी लोकांची जुनी शाळेतली गाणी, लोकांच्या तोंडी बसलेल्या चाली, त्यातल्या कितीतरी नेमक्या याच पाच सुरांवर बांधलेल्या आहेत, चौथा आणि सातवा सूर गाळून. हे मी आधी वाचलं होतं, पण समोर घडताना बघणं वेगळं. रांगेत मागं उभ्या असलेल्या एक आजी दोन-तीन आवर्तनं झाल्यावर मान डोलवायला लागल्या, ओठ हलवायला लागल्या. ताईनं शेवटी षड्जावर हात थांबवला तेव्हा आसपासच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्या आजींनी पुढं येऊन वाकून काहीतरी म्हटलं, ताईनं पण वाकून नमस्कार केला. भाषा एकीचीही दुसरीला कळत नव्हती तरी बराच वेळ दोघी हसत उभ्या होत्या. आजचा वाढदिवस आहे असं मी मोबाईलवर लिहून दाखवलं तर आजींनी ताईचे दोन्ही हात हातात घेतले.

तिथनं निशी-कासाई. मारुनोउची लाईननं ओतेमाची, तिथं बदलून तोझाई लाईन, आणि तोझाईची रॅपिड निशी-कासाईला थांबत नाही, साधी गाडीच धरावी लागते. संध्याकाळची गर्दी म्हणजे आपल्या मुंबईच्या लोकलइतकी, पण चिडीचूप, फोनवर कुणी बोलत नाही. आईचा व्हिडिओ कॉल नेमका गाडीत आला, कट केला आणि मेसेज टाकला, पंधरा मिनिटांत करतो, तू निरांजन कसं लावायचं ते आठवून ठेव. गाडी जमिनीखालून वर आली, आराकावा नदीवरचा लांब पूल गेला आणि स्टेशन आलं. बाहेर पडल्या पडल्या भारतीय दुकानं, भारतीय चेहरे. आयटीवाली आपली मंडळी इथं 2000 सालाच्या आसपासपासून राहायला लागली, निशी-कासाई ज्यात येतं त्या एदोगावा भागाच्या सभेवर 2019 साली योगेंद्र पुराणिक हे आपले मराठी गृहस्थ निवडून आले होते. ताईला किराणा दुकानात ज्वारीचं पीठ दिसलं तेव्हा तिनं लगेच किंमत विचारली.

वहिनींनी काय तयारी केली होती म्हणून सांगू. दिवाणखान्यातलं टेबल बाजूला सारलेलं, पाट नव्हता म्हणून चौकोनी उशी, आणि तिच्यावर आम्ही त्यांना आधीच नेऊन दिलेली सोलापुरी चादर घडी घालून पसरलेली. भोवती रांगोळीची बारीक रेघ. पूर्व कुठं ते मित्रानं मोबाईलच्या होकायंत्रावर बघून ठेवलेलं. मी आईचा डबा उघडला तेव्हा ताईला कळलं. ती निरांजनाकडं बघत म्हणाली, हे आपल्या देवघरातलं आहे ना, आणि लगेच हात पुढं केला, दे इकडं, फुलवात मी लावते, तुला जमायचं नाही. फोनवरनं आई ओरडली, तू बस खाली, आज तुझा मान आहे, त्याला करू दे.

बसली बाई एकदाची.

आई एकेक सांगत गेली, मी करत गेलो. आधी कुंकू. मधल्या बोटानं लावलं, तिच्या कपाळाला हात लावायची अशी वेळ आधी कधी आलीच नव्हती. मग डोक्यावर अक्षता. जवळनं बघितलं तर भांगापाशी केस बरेच पांढरे झालेत. मग सुपारी आणि अंगठी हातात धरून चेहऱ्याभोवती फिरवायची, अंगठी बघून ताई म्हणाली आईची अंगठी का, आईनं तिकडनं नुसतं हं म्हटलं. मग तबक उचललं. माझा हात अवघडलेला, ताई खालून हळूच म्हणाली, तिरकं धरू नकोस, तूप सांडेल, सावकाश, घाई नाही. ओवाळून घेतानासुद्धा शिकवत होती. घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं तीनदा फिरवलं, ज्योत तिच्या चष्म्याच्या दोन्ही काचांत दिसत होती. शेवटी शेंगापोळीचा तुकडा भरवला. तिनं पर्समधनं हजार येनची नोट काढून तबकात घातली, ओवाळणी म्हणून, मी नको म्हणायच्या आत आई म्हणाली घे, ओवाळणी नाकारायची नसते. ती नोट मी मोडलेली नाही, मोडणारही नाही.

मग केक कापला, आठ मेणबत्त्या लावून. चव खरं सांगायचं तर साधी होती, तांदळाच्या पिठाचा थोडा चिकट लागला, पण ती चॉकलेटची पाटी ताईनं कुणाला खाऊ दिली नाही, रुमालात बांधून घेतली. वहिनींनी पिठलं-भात केला होता, आमच्या कडक भाकऱ्या आणि चटणी होती, आणि बऱ्याच दिवसांनी घरचं मिळाल्यासारखे मित्र आणि वहिनीच आमच्यापेक्षा जास्त जेवले. वहिनींना शेजारच्या जपानी काकूंना चटणी द्यायची होती, तर मी आधी पुडीवर वहिनींकडनं यात शेंगदाणे आहेत असं ठळक लिहून घेतलं. तिकडं अॅलर्जीचं फार सांभाळतात आणि आपणही सांभाळावं.

जेवणं झाल्यावर मित्राची मुलगी, आठ वर्षांची, ताईच्या मागंच लागली. पियानोचा व्हिडिओ तिनं चारपाच वेळा बघितला आणि स्वतःचा छोटा कीबोर्ड घेऊन आली. ताईनं चादरीवर बसूनच तिला सा कुठं, ग कुठं, बोटं कशी ठेवायची ते दाखवलं, अर्ध्या तासात पोरीला भूपाचा आरोह यायला लागला. निघताना वहिनींनी विचारलं, ताई तुम्ही ऑनलाईन शिकवाल का हो तिला? आता दर शनिवारी तिथल्या संध्याकाळी सातला, म्हणजे आपल्या साडेतीनला, क्लास असतो. आईची त्या वेळची झोप मोडते म्हणून ताई फोन घेऊन गच्चीवरच्या खोलीत बसते. मित्रानं पेटी मागवलीय मुंबईहून, ती पोचेपर्यंत पोरगी कीबोर्डवरच शिकतेय, आणि मागच्या शनिवारी अलंकारांपर्यंत आली म्हणे.